बदरुद्दीनचा अंगठा

आसेगावच्या बाजारात सायकलच्या चाकावर कात्र्या-सुऱ्यांना धार लावणाऱ्या बदरुद्दीनची नजर केव्हाच अधू झाली होती, पण त्याची त्याला फिकीर नव्हती. धार डोळ्यांनी नाही, उजव्या अंगठ्याने बघायची असते, हे तो चाळीस वर्षे गिऱ्हाइकांना ऐकवत आला होता. नेमके त्याच अंगठ्याला नखुर्डे झाले. अंगठा लिंबाएवढा फुगला, तेव्हा स्वारी मुकाट्याने मंगरूळपीरच्या दवाखान्यात जाऊन बसली.

चिरा द्यावा लागेल म्हटल्यावर त्याचा जीव खालीवर झाला. पाते खोल गेले आणि अंगठ्याची जाणच गेली, तर आपण काय कामाचे? त्याने तसे डॉक्टर चेतनाबाईंना सरळ विचारले. बाईंनी पाकीट फोडून सुरी दाखवली. टोकाच्या जरा मागे एक कडे होते. ते कातडीला टेकले की हात चुकला तरी पाते आत सरकत नाही, असे त्यांनी समजावले.

लगाम घातलेली ही सुरी बदरुद्दीनला मनापासून आवडली. ती हातात घेऊन त्याने सवयीने डावा अंगठा धारेवर आडवा फिरवला. झाले, निर्जंतुक पाते बाद. बाईंनी दुसरे पाकीट फोडले, तर त्यालाही याचा अंगठा लागलाच.

"हे तिसरं हाय, चाचा. आता हात लावसान तं बांधून ठेवीन," बाई म्हणाल्या.

"मी लोकाईची सुरी बिना पाह्यता वापस देत नाही, बेटा. तू माह्यावर बिना पाह्यता चालवून राह्यली."

शेवटी तो डाव्या हातावर बसला, तेव्हा कुठे चिरा दिला गेला.

आठ दिवसांनी पट्टी सुटली. बाईंनी अंगठ्यावरून कापूस फिरवून जाणवते का विचारले, तर तो भीतीपोटी 'लागते' म्हणाला. कापसावर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. घरी येताच त्याने वांगी चिरणाऱ्या बायकोच्या, मेहरबीच्या हातातली सुरी ओढून घेतली, डोळे मिटले आणि अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. मग त्याने सुरी खाली ठेवली.

"गेला अंगठा," तो म्हणाला. "धार समजूनच नाही राह्यली."

"अंगठ्याले काय धाड भरली?" मेहरबी म्हणाली. "धार असन तं समजन. निकाह झाल्यापासून या घरातल्या सुरीले तुमी एक खेप तरी चाक दाखवलं काय?"

बदरुद्दीनने तिथेच सायकल उभी करून चाक फिरवले. मग पात्यावर अंगठा आडवा फिरवला. धार समजली.

मेहरबीने तेवढ्यात विळीही पुढे सरकवली.