सातवी मेंढी

मी लोकरीची मेंढी बोलतेय. मी बें बें करत नाही, चरत नाही आणि आहे तुमच्या तळहाताएवढीच. तरी माझंही एक आयुष्य झालं आहे. ते सांगते.

दौंड तालुक्यातल्या राहू गावात माझा जन्म झाला. तिथे करुणाताई शिवणकाम करतात. शाळेचे गणवेश, झबली, साड्यांचे फॉल, असं त्यांचं काम. रविवारी दुपारी मात्र त्या मशीन भिंतीला सारतात आणि ओसरीवर मुलांना बायबलमधल्या गोष्टी सांगतात. त्यासाठी त्यांनी खिडकीच्या एका जुन्या दारावर हिरवं फलालीन ताणून फळा केला आहे. कापडाची चित्रं त्यावर दाबली की चिकटतात. मोशे, नोहाचं तारू, पाच भाकरी आणि दोन मासे, सगळे बिस्किटांच्या एका डब्यात सुखाने राहतात.

आम्ही सात मेंढ्या. सहा जणी ताईंनी पांढऱ्या कापडातून कापल्या. कापड संपलं, म्हणून सातवी मला उरल्यासुरल्या लोकरीतून थापून केली. ती लोकर मच्छिंद्र आबांच्या कळपाची. आबा शिरूरकडच्या कवठे येमाईचे मेंढपाळ. ऊस तुटला की ते कळप घेऊन राहूला येतात आणि शेतकरी खतासाठी आपल्या रानात त्यांची मेंढरं बसवतात.

लोकरीची असल्यामुळे मी सगळ्यांत मऊ होते, पण सगळ्यांत जाडही होते. फळ्यावर धड टिकत नसे. गोष्ट सुरू झाली की हळूच सुटायचे आणि खाली पडायचे. मुलं ओरडायची, "ताई, हरवलं बघा मेंढरू!" म्हणून हरवलेल्या मेंढराचं काम कायमचं माझ्याकडे आलं.

मुलांचे हात मी पुष्कळ पाहिले. वैष्णवी मला उचलून आधी गालाला लावायची. पृथ्वीराज माझा कान ओढायचा आणि ताईंनी पाहिलं की तोच कान कुरवाळायला लागायचा. लहान मुलं मला बोटाने दाबून बघायची, आत कुणी आहे का ते.

त्या वर्षी उंबऱ्याबाहेर एक नवी मुलगी येऊन बसली. दहा वर्षांची असेल. आबांची नात. तिच्या तिघी बहिणी गावी आईजवळ राहून शाळेत जात होत्या. ही चौथी आजोबांबरोबर रानोमाळ फिरत होती. तिचं नाव नकुशी. चौथीही मुलगीच झाली, की ती नको होती म्हणून आमच्या भागात असं नाव ठेवतात.

पहिल्या रविवारी मान्नाची गोष्ट होती. देव रानात लोकांना रोज सकाळी हे अन्न आभाळातून द्यायचा, पण त्या दिवसापुरतंच. साठवलं की त्यात किडे पडायचे.

"फ्रीज नव्हता का?" पृथ्वीराजने विचारलं. सगळे हसले.

नकुशी हसली नाही. ती बाहेरूनच म्हणाली, "आमचं बी तसंच हाय. आजचं रान आज. उद्याचं उद्या घावतंय."

ताई उंबऱ्याकडे वळल्या. "बरोबर बोललीस," त्या म्हणाल्या. "आत ये ना." पण ती आत आली नाही.

पुढच्या रविवारी माझी गोष्ट होती. मेंढपाळाची शंभर मेंढरं, त्यातलं एक हरवलं. नव्याण्णव ठेवून तो त्या एकाला शोधायला गेला आणि खांद्यावर घेऊन परत आला. शेवटी ताई म्हणाल्या, "देव आपल्याला असंच शोधतो आणि सोडवून आणतो. त्याला तारण म्हणतात. तारण म्हणजे काय, माहीत आहे?"

"मला, मला!" पृथ्वीराजने हात वर केला. "सोसायटीत सोनं ठेवत्यात ते! आमच्या आईची बोरमाळ हाय तारण."

ताईंना हसू आलं. "शब्द तोच आहे रे. आपली वस्तू कुठे अडकून पडली, तर आपण जाऊन सोडवून आणतोच ना? मग त्यासाठी काहीही द्यावं लागो."

तेवढ्यात उंबऱ्याबाहेरून आवाज आला. "आपली आसली तर. नको आसली तर कोण सोडवतंय?"

"म्हणजे गं?"

"ते मेंढरू नकुशी आसतं, तरी गेला आसता का त्यो? आन् उसात शिरलं आसतं तर? उसात बिबट्या आस्तो. आमचा आबा मेंढरामागं उसात जात न्हाई."

"मेंढराचं नाव नकुशी!" पृथ्वीराज खो खो हसला. मग सगळीच हसली. ताईंनी त्यांना दटावलं आणि घाईघाईने म्हणाल्या, "देवाला सगळे सारखेच असतात." उत्तर खरं होतं, पण ते पाठ केल्यासारखं आलं. नकुशीच्या चेहऱ्यावरून मला कळलं, ते तिच्यापर्यंत पोचलं नाही.

प्रार्थनेला सगळ्यांनी डोळे मिटले. मी नेहमीसारखी सुटून खाली पडले. एका हाताने मला अलगद उचललं आणि झग्याच्या खिशात घातलं. त्या हाताला मेंढरांचा वास होता. मला तो ओळखीचा वाटला.

आबांचा तळ गावाबाहेर होता. नकुशीने मला घोडीच्या खोगिरामागे लपवलं आणि माझ्या कानात म्हणाली, "बघू, तुला हुडकाया कोण येतंय."

पुढच्या रविवारी ती गेली नाही. दिवसभर रस्त्याकडे बघत राहिली. मोटारसायकल वाजली की उठायची आणि पुन्हा बसायची. कुणी आलं नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही ती गेली नाही. मंगळवारी तळ उठायचा होता.

मी मनात म्हणत होते, मला कशाला कुणी शोधेल? उरलेल्या लोकरीची तर मी. ताई तासाभरात दुसरी करतील. पण नकुशी माझ्यासाठी वाट बघत नव्हती, हे मला ठाऊक होतं.

सोमवारी भर उन्हात बांधावरून करुणाताई आल्या. गळ्यात माप घ्यायची टेप तशीच होती, डोक्यावर पदर, चपला हातात. आबा गडबडीने उठले.

"ताई, तुम्ही? एवढ्या उन्हाचं?"

"नकुशी दोन रविवार आली नाही. आजारी आहे का?"

नकुशीने मला बाहेर काढलं आणि ताईंच्या पायाशी टाकलं. "घ्या तुमचं मेंढरू. त्याच्यासाठीच आला ना?"

आबा भडकले. "चोरी केलीस? भवाने!"

"थांबा, आबा." ताईंनी मला उचललं, माझी धूळ झटकली आणि मला परत नकुशीच्या हातात ठेवलं. "हे कुठे आहे, ते मला त्याच दिवशी डबा भरताना कळलं होतं. त्याच्यासाठी यायचं असतं तर तेव्हाच आले असते. मी तुला बघायला आले. खरं तर मागच्याच रविवारी यायला हवं होतं. उशीर झाला माझ्याकडून."

नकुशीने मला मुठीत धरलं. ताईंनी आबांना सगळी गोष्ट सांगितली आणि नकुशीने काय विचारलं, तेही सांगितलं.

आबा हसले. "एका मेंढरापायी उसात? मी न्हाई बा जायचो."

"बघा!" नकुशी म्हणाली. तिचा आवाज कापत होता.

आबांचं हसू गेलं. ते खाली बसले. डाव्या हाताची बाही त्यांनी खांद्यापर्यंत वर सारली. दंडावर चार लांब पांढरे वण होते.

"हे कशाचं हाय?"

"तारंचं. तुम्हीच सांगितलंय. कुंपणाची तार लागली."

"खोटं सांगितलं. तू दोन वर्सांची व्हतीस. कोकरामागं उसात शिरलीस. मी आत गेलो, तर तू कोकराला मिठी मारून बसल्याली आन् म्होरं बिबट्या. त्यानं झेप घातली, मधी माझा हात आला. कोकरू गेलं. तुला खांद्यावर टाकून आणली."

"मग मला का न्हाई सांगितलं?"

"उसाची भीती घेतली आसतीस. आपलं तर सारं रानात."

नकुशी त्या वणांवरून बोट फिरवत होती. तिने विचारलं, "मग नाव आसं का ठेवलं?"

"नाव तुझ्या आज्जीनं ठेवलं. मला कुणी इचारलं व्हतं?" आबा दुसरीकडे बघत म्हणाले. "आन् माझ्यासंगं तुला धाडली न्हाई कुणी. मीच मागून घेतली."

ताईंनी पदराने डोळे टिपले. त्या दिवशी त्यांनी देवाबद्दल एक शब्दही सांगितला नाही. पण मी इतकी वर्षं ती गोष्ट ऐकत आले, ती मला पूर्ण समजली ती त्या बांधावर.

निघताना ताई म्हणाल्या, "मेंढरू राहू दे तुझ्याकडे."

तेव्हापासून मी या कळपात आहे. राहूहून भांडगावच्या रानात, तिथून कवठे येमाईला, ऊस तुटला की पुन्हा राहूला. माझा एक कान गेला आहे आणि रंग मातीचा झाला आहे. दुपारी मेंढरं सावलीला बसली की नकुशी दुसऱ्या बिऱ्हाडांतल्या मुलांना गोष्ट सांगते. तिच्याकडे फळा नाही. ती मला आबांच्या खांद्यावरच्या घोंगडीवर दाबते आणि गोष्ट संपेपर्यंत आबा मुकाट्याने बसून राहतात. लोकरीला लोकर घट्ट धरते. इथून मी एकदाही पडलेली नाही.

राहूला कधी गेलात, तर करुणाताईंचा फळा बघा. त्यावर सहाच मेंढ्या दिसतील आणि कुणीतरी मूल विचारेल, सातवी कुठे हरवली? त्याला एवढंच सांगा, की ती हरवली नाही. ती खांद्यावर आहे.