राहू दे, मी करतो

चाळीस वर्षं मी लिफ्ट दुरुस्त केल्या. वॉचमनपासून मालकापर्यंत सगळ्यांना एकच गोष्ट घसा फोडून सांगायचो, की बाबांनो, लिफ्ट बंद ठेवू नका, कुणी बसो न बसो, दिवसातून दोनदा तरी वरखाली करा. कुणी ऐकायचं नाही. मग जाम झाली की मलाच फोन. मी जायचो, आधी शिव्या घालायचो आणि मग पान्याला हात लावायचो. एवढं कळणारा माणूस मी. आता पुढचं ऐका.

घरात मात्र इतक्या वर्षांत मी इकडची काडी तिकडे केली नव्हती. पाण्याचा पेला हातात मिळायचा, टॉवेल खांद्यावर यायचा. रिटायर झालो आणि सहा महिन्यांत बायकोला झटका आला. उजवा हात, उजवा पाय. डॉक्टर म्हणाले, सौम्य आहे, वेळेवर आणलंत, हिंडत्या-फिरत्या होतील. मी हॉस्पिटलच्या बाकावर बसून लहान पोरासारखा रडलो आणि तिथेच ठरवलं, की हिनं आजवर खूप केलं, आता सगळं मी करणार.

घरी आल्यावर व्यायाम शिकवायला एक मुलगी यायची. फिजिओथेरपीवाली. पोरसवदा, पण बोलायला खमकी. म्हणाली, "काका, काकूंना घरातलंच काम करू द्या. तोच त्यांचा व्यायाम. फडकी पिळणं, कपड्यांच्या घड्या, मटार सोलणं, कुंड्यांना पाणी घालणं. झारी आधी पाव भरायची, मग अर्धी, मग पूर्ण." सगळं कागदावर लिहून फ्रिजला चिकटवून गेली.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. आजारी बायकोला कामाला जुंपायचं, हा कुठला इलाज? लोक काय म्हणतील? मी बाजारातून रबरी चेंडू आणून हिच्या हातात दिला. म्हटलं, हा दाबत बस.

चार दिवस दाबला तिनं. मग म्हणाली, "अहो, याच्यातून काहीच निघत नाही. फडकं पिळलं तर पाणी तरी निघतं." आणि चेंडू सोफ्याखाली ढकलून दिला तो दिलाच.

कागद मात्र ती शब्दन् शब्द पाळायची. काठी टेकत गॅलरीत जायची. गॅलरीत तिच्या तेवीस कुंड्या. टोमॅटो, मिरची, पुदिना, शेवंती, आणि एक लिंबाचं झाड, ज्याला सात वर्षांत एक लिंबू लागलं नव्हतं, तरी त्याचे लाड सगळ्यांत जास्त. पाव झारी घेऊन एकेका कुंडीशी थांबायची, झाडांशी बोलायची, दम खायची. इकडे मी स्वयंपाकघरात गोंधळ घालत होतो. पहिल्याच धुण्यात माझे सगळे बनियन गुलाबी करून ठेवले. ती भिंतीला टेकून इतकी हसली, की मला वाटलं, पुन्हा काहीतरी झालं हिला. दोन महिन्यांत ती अर्ध्या झारीवर आली. उजव्या हातानं. मी डोळ्यांनी पाहिलंय.

मग एके सकाळी ओल्या फरशीवर तिचा पाय घसरला. फार काही नाही, कोपराला खरचटलं, मांडीवर काळंनिळं झालं. पण मी असा घाबरलो, की तोंडाला येईल ते बोललो. "बास! आजपासून काडीला हात लावायचा नाही. मी मेलोय का? बस तिथे." गॅलरीच्या दाराशी वेताची खुर्ची ठेवली, पाठीला उशी दिली आणि तिला तिथे बसवलं. फ्रिजवरचा कागद टराटरा फाडला. ती मुलगी आली तेव्हा दारातूनच सांगितलं, गरज लागली तर बोलावू.

आणि मी कामाला लागलो. केर काढायचो, ओणवा होऊन फरशी पुसायचो. बादल्या उचलायचो, धुणं वाळत घालायचो, कुंड्यांची माती उकरायचो. तीन मजले उतरून भाजी आणायचो, लिफ्ट असूनही जिन्यानं चढायचो, कारण हात भरलेले असताना ते जाळीचं दार ओढणं नको वाटायचं. बायको खुर्चीतून म्हणायची, "अहो, ते टॉवेल तरी द्या, घड्या घालते." मी म्हणायचो, "राहू दे, मी करतो." "मटार तरी?" "राहू दे, मी करतो." मला वाटायचं, यापेक्षा गोड बोलणं माझ्या तोंडून आजवर निघालं नसेल.

खोटं कशाला बोलू, मला चढलं होतं ते. शेजारच्या वहिनी येऊन तिला म्हणायच्या, "नशीब काढलंत हो, असा नवरा शोधून सापडायचा नाही." मी आत भांडी घासता घासता कान टवकारून ऐकायचो. लेक परगावाहून फोन करायची, "बाबा, तुम्ही ग्रेट आहात." बायको नुसती हसायची.

सहा-सात महिन्यांत माझ्या पँटी कमरेत ढगळ झाल्या. बेल्टला मी खिळ्यानं दोन नवी भोकं पाडली. एके दुपारी ती म्हणाली, "द्या इकडे, कंबर आत घेते. डाव्या हातानं धरीन, उजव्यानं टाके घालीन. महिना लागला तरी चालेल. तेवढं तरी करू द्या हो." मी म्हटलं, "सुई टोचून घेशील. राहू दे." आणि चारही पँटी पिशवीत कोंबून शिंप्याकडे टाकून आलो.

त्यानंतर तिनं काही मागितलं नाही. टॉवेल नाही, मटार नाही. मला वाटलं, चला, रुळली एकदाची.

खुर्चीतून पलंगापर्यंत ती आधी काठीनं जायची, मग माझ्या हाताला धरून, मग मी उचलून नेऊ लागलो. उचलताना हलकी लागायची. मला वाटायचं, माझ्याच अंगात ताकद आली. आली होतीच की!

नऊ महिने झाले आणि मी माझ्या तपासणीला गेलो. डॉक्टर तेच, तिचे आणि माझे. रिपोर्ट बघून त्यांनी चष्मा काढून पुसला. साखर जागेवर, रक्तदाब पोरासोरासारखा, पोट गायब. म्हणाले, "शंभरी गाठता तुम्ही. कुठला व्यायाम चालू आहे?"

मी फुशारकीनं म्हटलं, "व्यायाम कसला, डॉक्टर! घरची कामं. केरवारे, धुणी-भांडी, बाग, सगळं मी बघतो."

"वा! आणि बाई काय करतात आता?"

"काही नाही. मी करूच देत नाही."

डॉक्टरांनी चष्मा परत चढवला. माझ्या रिपोर्टकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. मी पण बघितलं त्या कागदाकडे. त्यावर जे जे चांगलं लिहिलं होतं ते सगळं तिच्यासाठी होतं. फडकी पिळणं तिचं होतं. झारी तिची होती. तिचं औषध नऊ महिने रोज मी घेत होतो, आणि वर शाबासकीही मीच घेत होतो. आणि मी लिफ्टवाला! ज्यानं उभ्या गावाला ओरडून सांगितलं, बंद ठेवू नका म्हणून!

घरी कसा आलो ठाऊक नाही. चपला न काढता गॅलरीत गेलो, झारीत पाव भाग पाणी घेतलं आणि खुर्चीपुढे गुडघे टेकले. तिच्या उजव्या हातात झारीचा कान दिला. बोटं मिटेनात. मी एकेक बोट मिटवलं, हात काढला आणि झारी खाली पडली. पाणी माझ्या पँटीवर सांडलं, शिंप्यानं आत घेतलेल्या.

"पुन्हा धर. धर ना गं. माझं चुकलं. तू कर, तू सगळं कर, मी बसतो."

तिनं डावा हात माझ्या डोक्यावरून फिरवला. मला बरं वाटावं म्हणूनच म्हणाली, "राहू द्या. तुम्ही करता ना. छान करता."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या मुलीचे पाय धरून तिला परत आणलं. ती रागावली नाही, रोज आली. बायकोनंही माझं मन राखायला जीव तोडून प्रयत्न केले. एकदा मटाराची एक शेंग सोलली, पूर्ण. सहा दाणे. मी ते दाणे घेऊन वेड्यासारखा घरभर फिरलो. पण पाय उचलेनात, मग मान धरवेना, मग छातीत कफ साठला. दोन महिन्यांनी ती गेली.

लेक येऊन राहिली. चौथ्या की पाचव्या दिवशी मी गॅलरीत पाणी घालत होतो, तर ती मागून आली. तिचे डोळे सुजलेले. माझ्या हातातली झारी काढून घेत म्हणाली, "राहू द्या बाबा, मी करते. तुम्ही बसा."

खुर्ची तिथेच होती, उशीसकट. बसलो.

तिथून काय दिसतं ते मला पहिल्यांदाच दिसलं. कुंड्या दिसत नाहीत. काम करणाऱ्या माणसाची पाठ दिसते. लेक भराभरा पाणी घालत होती, पुदिन्याला जास्त, लिंबाला कमी, सगळं चुकीचं. माझे हात शिवशिवायला लागले. सांगावंसं वाटलं, अगं, दे इकडे, तेवढं तरी करू दे.

पाच मिनिटं झाली नसतील. मला बसवेना. आणि ती तिथे नऊ महिने माझी पाठ बघत बसली होती.