गाठ परत यायची वाट

मास्तरांनी एका कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्या कापल्या, तेव्हा मी आधी हसले. उभ्या आयुष्यात सुताएवढी चूक न केलेला माणूस! म्हटलं, "अहो, गिऱ्हाइकाला दोन्ही हात डावेच आहेत का?" त्यांनी बाह्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बरोबर तर आहेत."

मास्तर म्हणजे माझा नवरा. सगळा रस्ता त्यांना मास्तर म्हणायचा, म्हणून मीही. खाली दुकान, वर आम्ही तिघं: ते, मी आणि त्यांची आई. ते कापायचे, मी शिवायचे आणि गिऱ्हाइकांशी भांडायचे. भांडण माझ्याकडे, कारण मास्तरांना कुणाला नाही म्हणता यायचं नाही आणि माझ्या जिभेला हाड नाही, असं सासूबाईंचं मत होतं.

मग एके दिवशी त्यांना कात्रीचं नावच आठवेना. "ते दे गं, ते चावणारं," म्हणाले. मी त्यांना ओढतच मोठ्या दवाखान्यात नेलं. डोक्याचा स्कॅन झाला. मेंदूत गाठ होती आणि तिच्याभोवती सूज. तिथल्या तरुण डॉक्टरने सूज उतरायच्या गोळ्या लगेच सुरू केल्या. त्याचं काही चुकलं नाही, सूज जिवावर उठली होती.

आणि चार दिवसांत मास्तर टुणटुणीत झाले! पलंगावर बसून नर्सला सांगायला लागले की तुमचा खांदा उतरलाय, म्हणजे कपड्याचा, आणून द्या, नीट करतो. पुन्हा स्कॅन केला तर गाठ जवळजवळ दिसेना. सासूबाईंनी तिथल्या तिथे हात जोडले. मी व्हरांड्यात जाऊन मनसोक्त रडले. हसल्या नाहीत त्या एकट्या मोठ्या डॉक्टरबाई.

त्यांनी आम्हाला खोलीत बसवलं. म्हणाल्या, "गाठ गेली याचीच मला काळजी आहे. या गोळ्यांनी अशी झटकन विरघळते ती बहुतेक वेळा लिंफोमा असते. पांढऱ्या पेशींचा कॅन्सर. ती मेलेली नाही, दडून बसलीय. तिच्यावर औषध आहे, पण फार कडक. रोग दुसराच निघाला तर ते औषधच माणसाला संपवेल. गाठीचा तुकडा तपासल्याशिवाय मला ते देता येणार नाही. आणि आत्ता तिथे तुकडा घेण्यासारखं काही उरलेलं नाही."

"मग?"

"गोळ्या हळूहळू बंद करायच्या. गाठ परत वाढली की सुई घालून तुकडा घ्यायचा."

"म्हणजे माझा नवरा पुन्हा बिघडायची मी वाट बघायची?"

"हो," बाई म्हणाल्या. ना आडपडदा, ना उगाच गोड बोलणं. त्यामुळे मला त्यांच्यावर धड चिडताही येईना.

मास्तर मात्र शांत होते. त्यांनी विचारलं, "तोवर दुसरं काहीच करता येणार नाही?"

तेव्हा बाईंनी त्यांच्या संशोधनाचं सांगितलं. पाठीच्या कण्यातलं थोडं पाणी काढायचं आणि त्यात या रोगाची खूण सापडते का ते बघायचं. सापडत असेल, तर पुढे कुणाच्या डोक्यात सुई घालायला नको. "पण ही चाचणी खरी की खोटी, तेच अजून ठरायचंय," त्या म्हणाल्या. "सगळ्या पेशंटांचं पाणी जमलं की एकदम उघडून बघणार. निकाल आत्ता कळणार नाही आणि त्यावरून औषधही देता येणार नाही. तुम्हाला फायदा शून्य. नको वाटलं तर नाही म्हणा."

"घ्या की," मास्तर म्हणाले. "डोक्यात सापडत नसेल तर पाठीत बघा. गुडघ्यातलंही घ्या हवं तर, आमची ही म्हणते माझी अक्कल तिथेच आहे." बाईंना पहिल्यांदा हसू आलं. मग ते म्हणाले, "फक्त निकाल लागला की हिला कळवा. हिला कुठलीही गोष्ट अर्धवट राहिलेली खपत नाही."

त्याच दुपारी एका लहानशा बाटलीत त्यांच्या पाठीतलं पाणी घेतलं. नळाच्या पाण्यासारखंच दिसत होतं.

घरी आल्यावर मास्तर सपाट्याने कामाला लागले. जेवढं कापायचं राहिलं होतं तेवढं सगळं कापून ठेवलं, प्रत्येक कापडावर खडूने गिऱ्हाइकाचं नाव घातलं. गोळ्या एकेक करून कमी होत होत्या. एकदा मी दोरा ओवत असताना म्हणाले, "उद्या मी तुला ओळखलं नाही, तर रागावू नकोस."

"रागावणारच," मी म्हटलं. "चांगलं खडसावून विचारेन, लग्न कुणाशी केलंत ते!"

ते हसले आणि मी दोरा ओवायच्या निमित्ताने खाली मान घातली.

गोळ्या बंद झाल्या आणि मास्तर उतरणीला लागले. आधी शब्द गेले, मग बटणं लावायची कशी ते गेलं. पण एक गोष्ट मला कळेना. मध्येच एखादा दिवस बरा जायचा. सासूबाईंना 'आई' म्हणायचे, खिडकीतून कुणाला हातही करायचे. मला आनंद व्हायचा आणि लगेच भीती वाटायची. स्कॅनमध्ये गाठ दिसली, पण बारकी. बाई म्हणाल्या, थांबण्यात धोका आहे, मिळेल तेवढा तुकडा घेऊ. कवटीला भोक पाडून सुई घातली.

निकाल आला तो कोरा. मेलेल्या पेशी, बाकी काही नाही.

बाईंनी मला एकटीला विचारलं, "घरात कुणी त्यांना गोळ्या देतंय का?"

मी अशी भडकले की विचारू नका! "आम्ही काय वेडे आहोत का? इतकं करून तुम्हाला काही सापडलं नाही, तर खापर आमच्या डोक्यावर?" पाय आपटत घरी आले.

स्वयंपाकघरात सासूबाई वाटीच्या बुडाने काहीतरी कुटत होत्या. शेजारी दुधाचा पेला. मला पाहून त्यांनी वाटी पदराआड घेतली. उरलेल्या गोळ्या मी टाकून द्यायला सांगितल्या होत्या. म्हातारीने त्या जपून ठेवल्या होत्या.

"अहो आई, काय केलंत हे!"

"त्याने मला हाक मारली गं," त्या म्हणाल्या. "गोळी दिली की हाक मारतो. नाही दिली की परक्या बाईकडे बघावं तसा बघतो. कसलं तुमचं औषध, माझ्या लेकराला हिरावून घेणारं?"

मी पेला उचलून मोरीत ओतला. आणि जिभेला हाड नसलेली मी बोलले, "तुम्ही मारलंत त्यांना. जन्म देणारीनेच मारलंत."

त्यानंतर आम्ही दोघी कामापुरतंही बोलेनाशा झालो. भाजी संपली तर रिकामी टोपली पुढे सरकवायची, बस्स.

पुन्हा वाट बघणं आलं. या वेळी मात्र मध्ये बरा दिवस एकही आला नाही. मास्तर मला ओळखेनासे झाले आणि मी खडसावून विचारलं नाही. मी त्यांना भरवत होते, पुसत होते आणि मनात एकच जप: वाढ गं मेले, लवकर वाढ. स्कॅन झाला. एकीच्या दोन गाठी झाल्या होत्या, मोठ्या, ठळक. बाई म्हणाल्या, "आता तुकडा मिळेल." आणि मला आनंद झाला. खरंच झाला! नवऱ्याच्या डोक्यात कॅन्सर वाढला म्हणून मी त्या व्हरांड्यात खूश झाले. त्या आनंदाची आठवण आली की आजही माझा मलाच राग येतो.

तुकडा मिळाला. लिंफोमाच होता. कडक औषध सुरू झालं, पण तोवर अंगात ते सोसायची ताकद उरली नव्हती. छातीत न्यूमोनिया झाला. शेवटी शेवटी ते दोन बोटं उघड-मीट करत चादरीवरून हात सरकवायचे. नर्सला वाटायचं, झटके येताहेत. मी म्हटलं, झटके नाहीत, ते कापताहेत. कापता कापताच गेले.

वर्ष उलटून गेल्यावर बाईंचा फोन आला. "मास्तरांनी सांगून ठेवलं होतं, म्हणून करतेय," म्हणाल्या. मी गेले.

त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं, तरी सुरुवात होईना. शेवटी म्हणाल्या, "सगळ्यांच्या बाटल्या उघडल्या. चाचणी चालते. मास्तरांच्या पाण्यात खूण स्पष्ट होती."

"कुठल्या पाण्यात?"

"पहिल्याच दुपारी घेतलेल्या. गोळ्या चालू होत्या, स्कॅन साफ होता, तेव्हाच्या."

म्हणजे ते नर्सच्या खांद्याचं माप काढत होते तेव्हा! गुडघ्यातल्या अकलेवर विनोद करत होते, औषध सोसायची ताकद होती, तेव्हा!

"उत्तर तुमच्या फ्रीजमध्ये पडून होतं," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "मी घरी त्यांना बिघडताना बघत होते, आणि उत्तर इथे थंडगार पडून होतं!"

"हो," बाई म्हणाल्या. "पण ते उत्तर आहे, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. ते खरं ठरवायला आधी तुकडे लागले. त्यांचा, आणखी कितीतरी जणांचा." त्यांचे डोळे भरून आले होते. "आणखी दोन-तीन ठिकाणी पडताळून बघतोय. जमलं, तर पुढच्यांना गाठ वाढायची वाट बघावी लागणार नाही."

भांडू कुणाशी? पहिल्या गोळ्या देणाऱ्या त्या डॉक्टर पोराशी, की तोंडावर खरं बोललेल्या या बाईशी? चालत घरी आले. वाटेत एकच विचार पक्का केला की हे म्हातारीला सांगायचं. तिने पहिली गोळी द्यायच्या आधीच ती खूण त्या बाटलीत होती. तिच्या छातीवरचा धोंडा मीच ठेवला होता, तो मलाच काढायला हवा होता.

सासूबाई दुकानात बसून बटणं लावत होत्या. मास्तर गेल्यापासून ते काम त्यांनी न विचारता उचललं होतं. मी समोर बसले.

"आई," मी म्हटलं. त्यांचा हात थांबला. दीड वर्षात मी ही हाक मारली नव्हती. मी सगळं सांगितलं, त्यांना कळेल असं, हळूहळू. "तुमची गोळी त्या पाण्याच्या आड आली नव्हती, आई. दवाखान्याच्या गोळ्या चालू असतानाच रोग त्यात दिसत होता, तुम्ही पहिली गोळी द्यायच्या आधीच. मी बोलले ते चुकलं."

त्यांनी हातातलं बटण खाली ठेवलं. मला वाटलं, आता रडतील, बरं वाटेल त्यांना.

"म्हणजे," त्या म्हणाल्या, "तेव्हाच औषध मिळालं असतं, तर वाचला असता तो?"

हा प्रश्न त्या विचारतील, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. मी त्यांच्या हातातली सुई काढून घेतली आणि त्यांचा हात धरला.

"वाचला असता गं," त्या म्हणाल्या, आणि आम्ही दोघी पहिल्यांदा एकत्र रडलो.