कोपर सर

मैदानावरच्या मुली त्यांना पाठीमागे 'कोपर सर' म्हणायच्या, आणि हे सरांना ठाऊक होतं. नाव ठेवणाऱ्यांचं काही चुकलं नव्हतं. तीस वर्षं हा माणूस सकाळ-संध्याकाळ एकच वाक्य ओरडत आला होता, "कोपर वर!" कोपर खांद्याच्या खाली गेलं की चेंडू फेकला जात नाही, ढकलला जातो, आणि ढकलणाऱ्या पोरीचा हात दोन वर्षांत कामातून जातो. एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान. सॉफ्टबॉलमध्ये फटका मारला की लोक ओरडतात, झेल घेतला की टाळ्या पडतात, फेकीकडे कुणी ढुंकून बघत नाही. सर तेवढीच बघायचे. कुणाची आई मुलीचं नाव घालायला आली, तरी त्यांची नजर आधी त्या बाईच्या कोपराकडे जायची.

माणूस फटकळ. "चेंडू फेकतेस की पाहुण्यांना टाटा करतेस?" असं भर मैदानात विचारायचे. मुली हसायच्या, कधी रडायच्याही, पण कोपरं वर यायची.

नवी मुलगी आली ती एका मंगळवारी. आईची बदली झाली म्हणून गाव बदललेलं. बारा वर्षांची, हातपाय लांबलचक, वेणी घट्ट. सरांनी सगळ्यांना समोरासमोर दोन रांगांत उभं केलं आणि फेकी सुरू झाल्या. नवीची पहिली फेक पाहिली आणि सरांच्या ओठांवर आलेलं 'कोपर' तिथेच अडकलं.

ती ग्लोव्हमधून चेंडू काढायची, हात मागे न्यायची, आणि फेकायच्या आधी क्षणभर मान वळवून चेंडूकडे बघायची, हातात आहे ना म्हणून. मग कोपर खाली पडायचं आणि चेंडू अख्ख्या तळहाताने पुढे ढकलला जायचा. सरांनी शेकडो मुलींच्या शेकडो चुका पाहिल्या होत्या. पण मान वळवायची ही खोड त्यांनी आजवर एकाच मुलीत पाहिली होती. ती त्यांची स्वतःची मुलगी.

मुलगी घरातून गेली त्याला नऊ वर्षं झाली होती. आदळआपट करून गेली नव्हती. शिकायला म्हणून गेली, तिकडेच नोकरीला लागली, लांबच्या एका गावात शाळेत शिकवत होती. दर रविवारी आईला फोन करायची. सर संघ घेऊन कुठे स्पर्धेला गेले की घरी येऊन चार दिवस राहून जायची. सर परत आले की न्हाणीघरातल्या खुंटीवर तिचा केसांचा एखादा रबर राहिलेला असायचा. सर तो काढत नसत. त्या खुंटीवर आता सहा रबर होते.

कारण घरात तिघांनाही पाठ होतं. सतरा वर्षांची असताना ती निवड चाचणीला उभी होती. शॉर्टस्टॉपच्या, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधल्या, जागी तिच्याइतके चपळ हात त्या वर्षी कुणाचे नव्हते. पण निवड करणाऱ्यांत सर होते. घरच्या पोरीला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणायला नको, म्हणून त्यांनी सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांच्या देखत तिचं नाव खोडलं. वर कारणही सांगितलं, "कोपर. नऊ वर्षं सांगतोय, सुधारत नाही." मैदानावर 'बाबा' म्हणायचं नाही, 'सर' म्हणायचं, हा नियमही त्यांचाच. त्या दिवशी घरी आल्यावर तिने ग्लोव्ह चपलांच्या कपाटावर ठेवला आणि म्हणाली, "आईने जेवायला बोलावलंय, सर." तेव्हापासून ती त्यांना दुसऱ्या कशानेही हाक मारत नव्हती, आणि पुढे तर हाक मारायची वेळच आली नाही.

आता हिने ती खोड कुठून उचलली? चूक काही हवेतून येत नाही. मुली ऐकतात ते विसरतात आणि बघतात ते उचलतात, हे सरांचंच वाक्य होतं. म्हणजे ही पोर कुणाला तरी बघून शिकली होती. विचारायचं तर काम एका वाक्याचं होतं. पण उत्तरात भलतंच कुणीतरी निघालं तर? तीस वर्षं जगाला धारेवर धरणाऱ्या माणसाला तेवढं विचारायचा धीर होईना.

त्याऐवजी त्यांनी भलतंच केलं. चार दिवस ते नवीला शॉर्टस्टॉपला उभं करत राहिले. ते जमिनीलगत चेंडू मारायचे, ती वाकून उचलायची, मान वळवायची, पहिल्या बेसकडे फेकायची. "अजून एक," सर म्हणायचे. वेणी सोडली तर लांबून थेट तीच. आठवण येणं निराळं आणि माणूस डोळ्यांपुढे हलताना दिसणं निराळं. सर बघत राहायचे आणि त्यांचं मन काही भरायचं नाही. "अजून एक."

शुक्रवारी मैदानाचा वॉचमन जवळ आला. "सर, तब्येत बरी आहे ना?"

"का? काय झालं?"

"नाही, चार दिवस 'कोपर' ऐकू आलं नाही. मी त्यावर चहा ठेवतो."

शनिवारी सराव संपल्यावर नवी पाण्याच्या टाकीपाशी उभी राहून उजव्या कोपराची आतली बाजू चोळत होती. सर तिच्यापाशी गेले.

"दुखतंय?"

"थोडं."

"कधीपासून?"

"इथे आल्यावर जास्त. तुम्ही खूप फेकायला लावता ना."

तिने अगदी साधेपणाने सांगितलं. तक्रार नव्हतीच त्यात. स्वतःच्या पोरीला बघायच्या हौसेपायी ते दुसऱ्याची पोर झिजवत होते. त्यांना स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"हात बघू," ते म्हणाले, आणि चेंडू तिच्या हातात दिला. तिने तो मुठीत घट्ट धरला, तळहाताला चिकटवून. सरांनी तिची बोटं एकेक करून सरकवली. बोटं चांगली लांब होती. चेंडू बोटांत आरामात बसत होता, तळव्याला टेकायचं काही कारणच नव्हतं. मग हिने असा का धरावा?

आणि टाकीला टेकून उभे असताना सरांना वीस वर्षांपूर्वीची एक सकाळ आठवली. मुलगी आठ वर्षांची. शेडमध्ये लहान मुलींसाठी लहान चेंडूंची पिशवी टांगलेली. तिने त्यातला एक काढला, तर सर म्हणाले होते, "ठेव तो. माझी मुलगी बाळांच्या चेंडूने खेळणार?" आणि तिच्या इवल्याशा हातात मोठा चेंडू दिला. तो बोटांत मावेना, म्हणून ती तळव्यात धरायला लागली. पडेल या धाकाने मागे वळून बघायला लागली. तळव्यात धरलेला चेंडू फेकता येत नाही, तो ढकलावाच लागतो, आणि ढकलायला कोपर खालीच यावं लागतं. नऊ वर्षं ते कोपरावर ओरडले. दुखणं तळव्यात होतं, आणि ते त्यांनीच दिलं होतं. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला म्हणतात, त्यातली गत.

नवीच्या आईला त्यांनी त्याच दिवशी घरी जाऊन सांगितलं, डॉक्टरला दाखवा, दहा दिवस फेक बंद. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत. अकराव्या दिवशी सर मोज्यांचा एक जोड गुंडाळून घेऊन आले. नवीला भिंतीसमोर एक गुडघा टेकून बसवलं आणि मोज्यांचा गोळा फेकायला दिला.

"गोळा बोटांनी धर. गोळा आणि तळहात यांच्यामधून उजेड दिसला पाहिजे."

"दिसतोय."

"मग मागे बघायची गरज नाही. तो कुठे जात नाही."

मोज्यांच्या गोळ्यावरून लहान चेंडूवर, बसून फेकण्यावरून उभं राहून. एकदाही आवाज चढवला नाही. ज्या गोष्टी मुलीला सांगायच्या राहून गेल्या, त्या ते हिला हळू आवाजात सांगत होते. रोज तिची मान जरा कमी वळायची, आणि रोज सरांच्या आत काहीतरी तुटायचं. तिसऱ्या आठवड्यात एका बुधवारी मान एकदाच वळली. गुरुवारी वळलीच नाही. शुक्रवारी सर नुसते वाट बघत राहिले, आणि मग समजले की ती गेली. दुसऱ्यांदा गेली, आणि या वेळीही आपल्याच हाताने घालवली. शेडमध्ये जाऊन ते बराच वेळ ग्लोव्ह मोजत बसले. ग्लोव्ह चौदाच होते.

शनिवारी मोठा चेंडू दिला. नवी शॉर्टस्टॉपला उभी राहिली. पाच फेकी सुरेख आल्या, सणसणत, सरळ पहिल्या बेसच्या ग्लोव्हात. सहावीला तिने आळस केला. आणि सर सगळं विसरून नेहमीच्या पट्टीत कडाडले, "कोपर वर!"

वॉचमन चहा ठेवायला उठला. नवी मात्र रडायचं सोडून आनंदाने चेंडू घेऊन धावत आली.

"म्हणजे ते सर तुम्हीच!"

"कुठले सर?"

"आमच्या तिकडच्या ताई सांगायच्या ना. शाळा सुटल्यावर त्याच आम्हाला खेळायला शिकवायच्या. म्हणायच्या, मी सांगते ते ऐका, मी फेकते ते बघू नका, माझं कोपर पडतं. पण आम्ही बघायचोच. मग आमची बदली या गावात झाली म्हटल्यावर म्हणाल्या, तिकडे एक सर आहेत, ते तुझं कोपर नीट करतील. माझ्याने होत नाही. ते खूप ओरडतील, पण घाबरू नकोस, कोपर त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही." ती धापा टाकत हसली. "पण तुम्ही ओरडलाच नाहीत! मला वाटलं, ते सर वेगळे असतील."

सरांनी तिच्या हातातून चेंडू घेतला आणि उगीच पँटला पुसला. "जा," ते म्हणाले, "जागेवर जा."

दुसऱ्या दिवशी रविवार. अकराच्या सुमारास फोन वाजला आणि सरांच्या बायकोने तो स्वयंपाकघरात घेतला. सर बाहेरच्या खोलीत मुलीच्या जुन्या ग्लोव्हला तेल लावत बसले होते. नऊ वर्षं दर रविवारी हे असंच चालायचं. कातडं कोरडं पडलं की चिरा पडतात, असं ते बायकोला सांगायचे. बायको कशाला वाद घालते! ती फोनवर मुद्दाम मोठ्याने बोलायची. ते मुलीला नीट ऐकू यावं म्हणून नसायचं, बाहेरच्या खोलीत ऐकू जावं म्हणून असायचं. "सर्दी झाली म्हणतेस? वाफ घेतलीस का? शाळेत किती मुली झाल्या आता?"

सर उठले. तेलाचा हात सदऱ्याला पुसला आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन हात पुढे केला. बायकोने त्यांच्याकडे बघितलं, मग हाताकडे. "थांब हं," ती फोनमध्ये म्हणाली, फोन त्यांच्या हातात दिला आणि गॅस बारीक करून तिथेच उभी राहिली. बाहेर जायचं तिच्या मनातही आलं नाही.

"हॅलो," सर म्हणाले. ठरवलेलं सगळं ते विसरले आणि जे सांगायचं होतं तेवढंच तोंडातून आलं. "चेंडू मोठा होता गं. तुझा हात लहान होता. मी लहान चेंडू द्यायला पाहिजे होता. कोपराची काही चूक नव्हती."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला, सर्दीचा असेल नाहीतर नसेल.

"त्या पोरीचा हात दुखतोय का अजून? तिच्या आईचा फोन आला होता."

"नाही. कोपर आलंय वर."

"माझं अजून खालीच पडतं, बाबा."

तीस वर्षं ज्यांनी 'कोपर वर' म्हणून मैदान डोक्यावर घेतलं होतं, ते सर दाराच्या चौकटीला धरून म्हणाले, "पडू दे. मी घरी असताना ये."