चमच्याला लागलेली बाधा

हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. पाणीवाल्या बाबांनी काचेच्या वाडग्यातल्या नितळ पाण्यात, आईने आणलेल्या धाकट्या मुलीचा हात बुडवला, बाहेर काढला आणि कुपीतले चार थेंब पाण्यात सोडले. पाणी दुधासारखं पांढरं झालं. गर्दीने हात जोडले.

"पाहिलंत? बाधा उतरायला लागली!" बाबा गरजले. "पण मणक्यात सुई घालाल, तर ती तिथेच ठाण मांडेल. मग पोरगी हातची गेली समजा!"

आईने धाकटीला जवळ ओढलं. हसती-खेळती पोर एकाएकी झोपेनाशी झाली होती, भलतंसलतं बरळत होती, मध्येच झटके येत होते. डॉक्टरांना मणक्यातलं पाणी तपासायचं होतं. आई सही करायला तयार नव्हती. उशीर झाला तर पोर कायमची हातातून जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

थोरली बहीण इस्पितळाच्या प्रयोगशाळेत कामाला होती. आईची समजूत घालून तिचा घसा बसला होता. आज ती नुसती सोबत म्हणून आली, तर नाकात ओळखीचा उग्र वास शिरला. कार्बोलिक आम्ल! मणक्यातल्या पाण्यात प्रथिनं वाढलीत का, हे बघायची जुनी पद्धत हीच: प्रथिनं असली की या आम्लाने पाणी गढूळ होतं. तिचीच चाचणी हा माणूस तिलाच चमत्कार म्हणून दाखवत होता. तिचं डोकं सणकलं.

"बाबा, तुमच्या शेजारी तो दुसरा वाडगा भरून ठेवलाय ना, त्यात हा चमचा बुडवते. थेंब टाका."

"चमचा? थट्टा करतेस?"

"घाबरता कशाला? चमचा ठणठणीत आहे."

बाबा कुपी लपवायला लागले. थोरलीने ती हिसकावलीच. थेंब पडले आणि पाणी पांढरंफटक! हॉलमध्ये खसखस पिकली.

मग तिने नळाचं पाणी आणलं, धाकटीचाच हात त्यात बुडवून बाहेर काढला, थेंब टाकले. पाणी नितळच राहिलं.

"पोर तीच, थेंब तेच. बाधा आता कुठे गेली, बाबा?"

तेवढ्यात एका आजीबाईंनी मागचा पडदा सरकवला. अंड्यांच्या टरफलांचा ढीग आणि पातेलंभर पिवळे बलक! अंड्यातला पांढरा भाग, म्हणजे प्रथिनंच, मिठाच्या पाण्यात कालवून, गाळून बाबांनी वाडग्यांत भरला होता.

"पिवळ्याचं काय करता हो? नाश्ता?" आजीबाईंनी विचारलं. बाबा मागच्या दाराने सटकले.

आईने त्याच दिवशी सही केली. मणक्यातून नळीत काढलेलं पाणी डोळ्यांना स्वच्छ दिसत होतं, पण मोजल्यावर प्रथिनं वाढलेली निघाली. काही दिवसांनी प्रतिपिंडंही सापडली. रोगाशी लढणारी ही शरीराची फौज धाकटीच्या मेंदूवरच उलटली होती. उपचार लांबले, पण पोर हळूहळू माणसांत आली.

भेटायला आलेली शेजारीण कुजबुजली, "उतरलं वाटतं भूत."

"काकू, मोठ्याने बोला," धाकटी उठून बसली. "मला कुणी झपाटलं नव्हतं. मी आजारी होते. उद्या तुमच्या घरी कुणी असं बरळायला लागलं, तर त्याला बाबाकडे नेऊ नका, दवाखान्यात न्या. आणि चमत्कार कुणी दाखवलाच, तर तो कसा केला, हे सगळ्यांसमोर विचारा!"