मालनच्या पानावरची तांबडी फुली

मित्रांनो, मी एक जुना टाक आहे, आणि मी रागावलेला आहे. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मग 'हा असा का बोलतो' म्हणून कुणी विचारायला नको. बाकीच्या जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना उसासे टाकतात. मला ते जमायचं नाही. माझ्या नावावर एक खोटं खपवलं गेलंय आणि ते खोडून काढल्याशिवाय मी गप्प बसणार नाही.

माझी दांडी शिसमाची. धारच्या एका कारागिराने ती कातली, वर लाल रंग चढवला, आणि देवासच्या नारायणराव मास्तरांनी मला बाजारातून पारखून आणलं. निळ्या शाईचा टाक त्यांच्याकडे होताच. मी तांबड्या शाईचा. मराठी शाळेत सातवीला ते निबंध शिकवायचे आणि वह्या तपासायचं काम माझं. पहिल्यांदा दौतीत बुडालो तेव्हा केवढ्या ऐटीत होतो! वाटलं, मुलं आपलं आयुष्य लिहिणार आणि ते सगळ्यांत आधी मी वाचणार.

कसलं आयुष्य अन् कसलं काय! विषय असायचा 'माझ्या आयुष्यातील एक दिवस'. मास्तर फळ्यावर निबंध लिहून देत आणि मुलं तो मुकाट्याने उतरवून घेत. एकेचाळीस वह्या. एकेचाळीस मुलं एकाच पहाटे माताजीच्या टेकडीवर चढली, एकेचाळीस जणांचे आजोबा त्याच एका पायरीवर घसरले, आणि शेवटचं वाक्य सगळ्यांचं तेच: 'श्रीमंत सरकारांच्या कृपेने आम्ही सारे सुखरूप घरी परतलो.' ज्याचे आजोबा त्याच्या जन्माआधीच वारले होते, त्यानेही तेच लिहिलं! मी आपल्या वेलांट्या सुधारायच्या. तपासणीला येणारे साहेब खूश, मास्तर खूश, आईबापही खूश. माझं डोकं फिरायचं, पण टाकाला विचारतो कोण?

मग अठ्ठेचाळीस साल उजाडलं आणि संस्थान विलीन झालं. सरकार गेले, पण मास्तरांच्या निबंधातलं ते वाक्य काही गेलं नाही. त्यांच्या घरातल्या तीन पिढ्या दरबारच्या कचेरीत राबलेल्या. ते वाक्य गाळायला त्यांचं मन धजेना.

वर्गात मालन नावाची मुलगी होती. तिचा बाप शालिग्राम दरबारच्या नगारखान्यात नगारा वाजवायचा. सकाळचा पहिला नगारा त्याचा. नगारखाना बंद झाला आणि कचेरीच्या हजेरीपटावर त्याच्या नावावर तांबडी रेघ ओढली गेली. त्याला वाचता येत नव्हतं. पण रेघ दिसली आणि नोकरी गेली हे त्याला कळलं.

पुढच्याच आठवड्यात मास्तरांनी तोच निबंध फळ्यावर लिहिला. मालनने फळ्याकडे पाहिलंच नाही. तिने खाली मान घालून लिहिलं:

'बाबा रोजच्या वेळेला उठले. पागोटं बांधून निघाले आणि दारातच थांबले. मग चुलीपाशी येऊन बसले आणि पिठाच्या डब्यावर बोटांनी नगारा वाजवू लागले. अगदी हळू, कुणाला ऐकू जाऊ नये असा. मी झोपेचं सोंग घेतलं. आम्ही सुखरूप आहोत असं मी लिहिणार नाही.'

मित्रांनो, माझ्या उभ्या जन्मात मी असं पान पाहिलं नव्हतं. मास्तरांनी ते दोनदा वाचलं. त्यांचे डोळे भरून आले, हे मी या निबेने पाहिलंय. आणि मग काय केलं असेल त्यांनी? 'साहेबांनी पाहिलं तर?' असं पुटपुटत मला शाईत बुचकळलं आणि त्या पानावर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत फुली मारली!

मालन उठून उभी राहिली. "गुरुजी, पण हे खरंच झालंय."

"खरं झालं म्हणून घरची लक्तरं वेशीवर टांगायची का? बस खाली!"

ती बसली. दुसऱ्या दिवसापासून शाळेत आलीच नाही. वार्षिक परीक्षा आली आणि गेली. तेव्हा कुठे मास्तरांना जाग आली आणि त्यांनी शालिग्रामला बोलावणं धाडलं. तो वही घेऊन आला. वहाणा बाहेर काढून दारातच उभा राहिला.

"अरे शालिग्राम, पोरीला का पाठवत नाहीस?"

"आता कशी पाठवू गुरुजी? तुम्हीच तिचं नाव काटलं ना." त्याने ते पान उघडून धरलं. "ही पाहा तांबडी रेघ. माझ्या नावावर बी अशीच मारली होती. दहादा विचारलं, काय वाईट लिहिलंस गं? बिलकुल बोलत नाही. मग मीच म्हटलं, राहा घरी."

ऐकलंत? पोरीचं अख्खं वर्ष या एका फुलीने गिळलं! तेव्हा तरी मास्तरांनी खरं बोलावं की नाही? छे! त्यांनी मला उचललं आणि त्याच्यापुढे नाचवलं. "नाव नाही रे काटलं. हा टाकच मेला खराब. निब फिरली याची आपोआप."

माझी निब फिरली! आपोआप! लाज वाटायला हवी होती!

शालिग्रामने मला हातात घेतलं. उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाला, "गुरुजी, वीस वर्षं नगारा वाजवला. काठी कधी आपोआप नाही पडली."

मास्तरांची मान खाली गेली. शालिग्रामने वही पुढे केली. "काय लिहिलंय ते तरी वाचून दाखवा." मास्तरांनी फुलीखालचा शब्द न् शब्द वाचला. पिठाचा डबा आला तेव्हा शालिग्रामने आपले दोन्ही हात उपरण्यात लपवले.

"जागी होती होय पोरगी," एवढंच तो बोलला.

मास्तर बदलले, हे कबूल करतो. जूनमध्ये त्यांनी फळा कोरा ठेवला. म्हणाले, जे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंत तेच लिहा. मुलं आधी बावचळली. मग एकाने मेलेल्या शेळीबद्दल लिहिलं, एकीने बदनावर गावच्या बाजारात हरवल्याबद्दल. मी खुशीत होतो. मालनही परत आली होती. सातवीतच, आपल्याहून लहान मुलांत बसली होती. मास्तरांनी सगळ्यांत आधी तिचीच वही ओढली.

'एके दिवशी पहाटे आम्ही टेकडीवर गेलो.' पुढे आजोबा पायरीवर घसरले. शेवटी सरकारांच्या कृपेने सारे सुखरूप घरी परतले. सगळा निबंध तोंडपाठ. वेलांटीचीसुद्धा चूक नाही.

"मालन, तुझं स्वतःचं लिही ना, बाळ."

"यात काटण्यासारखं काही नाही ना, गुरुजी?" तिने विचारलं.

मास्तरांनी वही मिटली. त्यांनी मला खणात ठेवलं ते कायमचं. तिथेच मी गंजतोय. गंजू दे. मला पुसा, जपा, असलं काही मी मागत नाही. पण तुमच्यातलं कुणीतरी उद्या मास्तर होईल आणि हातात तांबडा टाक येईल. कुणाच्या घरातलं पान समोर आलं तर ते शेवटपर्यंत वाचा, आणि लिहिणाऱ्याकडे एकदा मान वर करून बघा. तरीही फुली मारलीत आणि उद्या त्या पोरीचा बाप दारात येऊन उभा राहिला, तर टाकाकडे बोट दाखवू नका. सरळ सांगा, हात माझा होता.