पियानोतली लोकरीची पट्टी

मित्रांनो, मी एक जुनी पट्टी आहे, जाड लोकरीची, पियानोच्या पोटात राहणारी. मधलं पेडल दाबलं की मी हातोड्या आणि तारांच्या मध्ये उतरते आणि पियानोचा आवाज दबतो. मला कापणारा कारागीर म्हणाला होता, "तुझ्यासाठी कुणी टाळ्या वाजवणार नाही गं बाई!" खरंच बोलला. दुसऱ्याला गप्प करायचं आणि वर हातोड्यांचा मार खायचा, हीच माझी नोकरी.

आमच्या खालच्या मजल्यावर नर्सताई राहतात. त्या रात्रपाळी करतात आणि दुपारी झोपतात. नेमका तेव्हाच आमच्या घरातल्या लेकीचा, भुंगीचा, पियानोचा सराव असतो, म्हणून मी कायम खाली. तिच्या परीक्षेतल्या रचना सगळ्या धडामधुडूम. माझ्यातून त्या गादी झोडपल्यासारख्या वाजायच्या. पोर रडकुंडीला यायची. शेवटी आई म्हणाली, "पियानो मावशीकडे पाठवू. तिचं घर सुटं आहे, तिथे मोकळा वाजेल तरी." भुंगीनं पेडल आणखीच घट्ट दाबून धरलं, ते मला कळलं.

दुसऱ्या दिवशी तिनं पुस्तकाचं शेवटचं पान उघडलं. तिथे कुठल्याशा संगीतकाराची छोटी, संथ रचना होती. तिनं पहिली ओळ वाजवली आणि काय सांगू, हातोड्या माझ्यावर आपटल्याच नाहीत, नुसत्या टेकल्या! जन्मात पहिल्यांदा मला मार बसला नाही. भुंगी थबकली आणि तीच ओळ पुन्हा वाजवली.

"बाई, यांचं अजून काही आहे?" तिनं शिकवणाऱ्या बाईंना विचारलं.

"आहे की, ढीगभर. पण परीक्षेला नाही हं."

"चालेल!"

त्या संगीतकाराचं नाव लांबलचक, जिभेवर बसेना. भुंगीनं त्यांना 'हळूकाका' करून टाकलं. मग रोज दुपारी हळूकाका. ते तिचे लाडके झाले आणि माझेही. फक्त त्या पहिल्या रचनेच्या शेवटच्या ओळीत डाव्या हाताची लांब उडी होती. ती चुकेल म्हणून भुंगी अलीकडेच थांबायची.

पियानो न्यायला टेम्पो येणार, त्याच्या आदल्या दुपारी बेल वाजली. दारात नर्सताई, डोळे तांबारलेले. आई घाईघाईनं म्हणाली, "माफ करा हं ताई, उद्याच चाललाय पियानो."

"चाललाय? मग मी झोपू कशी?" नर्सताई म्हणाल्या. "आणि ही शेवटाला अडते ना रोज, मी वाट बघत जागीच राहते. पुढे काय होतं ते एकदा ऐकव गं बाळा."

पाहुण्यांसाठी भुंगी मला वर उचलायला लागली. "नको," ताई म्हणाल्या, "तसंच असू दे. मला ते तसंच ओळखीचं आहे." मित्रांनो, तेव्हा मला फार बरं वाटलं.

भुंगीनं सुरुवातीपासून वाजवलं. उडी चुकली. तिनं ती पुन्हा घेतली आणि शेवट गाठला. वळून बघते तर ताई खुर्चीतच गाढ झोपलेल्या. आईनं आत जाऊन मावशीला हळूच फोन केला, "टेम्पो नको पाठवूस."

आता माझ्या अंगावर खाचा पडल्या आहेत. लोकरीला कसर लागते, तेव्हा अधूनमधून झाकण उघडून आम्हाला वारा दाखवत जा. आणि चुकलं तरी चालेल, पण शेवटची ओळ वाजवल्याशिवाय उठू नका. खाली कुणीतरी तिच्यासाठी जागं असतं.